जखम भरेपर्यंत टिकणारा धातू

मोडलेलं हाड सांधायला धातूची पट्टी बसवली, की ती दोन-तीन महिन्यांचं काम करते आणि पुढे वर्षानुवर्षं शरीरात राहते. हाड जुळल्यावर तिचा उपयोग संपतो, पण ती जात नाही. कुणी ती काढायला दुसरं ऑपरेशन करून घेतं, कुणी जन्मभर वागवतं. काम संपल्यावर आपोआप नाहीसा होणारा धातू मिळाला तर? हा प्रश्न आजकालचा नाही. शल्यविशारदांनी तो एकोणिसाव्या शतकातच विचारला होता आणि उत्तरादाखल एका धातूकडे बोटही दाखवलं होतं : मॅग्नेशियम. त्या धातूच्या तारेपासून आज मिलिमीटरच्या शतांशात मोजाव्या लागणाऱ्या थरापर्यंतचा, जवळजवळ दीडशे वर्षांचा हा प्रवास मला सांगायचा आहे.

मी धातुशास्त्राची शिक्षिका. नोकरीची बरीच वर्षं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत धातूंचे पातळ थर बनवण्यात आणि ते ताणून, तोडून पाहण्यात गेली. त्यामुळे या इतिहासाकडे मी धातूच्या बाजूनं बघते, आणि त्या बाजूनं बघितलं की एक गोष्ट लख्ख दिसते. कल्पना पहिल्या दिवसापासून बरोबर होती. कमी पडत होता तो धातू.

विरणाऱ्या आधाराची कल्पना तशी फार जुनी. फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंगळ्यांचा चावा घेववावा, मग मुंगळ्यांची धडं तोडून डोकी तशीच ठेवावीत, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. युरोपात मेंढीच्या आतड्यापासून केलेला धागा, म्हणजे कॅटगट, पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. १८६०च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ लिस्टरनं त्यावर कार्बोलिक आम्लाची प्रक्रिया करून तो शस्त्रक्रियेसाठी अधिक भरवशाचा केला. पण मुंगळ्याचा जबडा काय किंवा आतड्याचा धागा काय, मऊ मांस सांधू शकतो. शरीराचं वजन पेलणाऱ्या हाडाला त्याचा उपयोग नाही. तिथं धातूच लागतो.

मँचेस्टरची तार

शाळेत मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवलेली कुणी विसरत नाही. आधी पॉलिश पेपरनं घासून तिच्यावरचा राखाडी थर काढायचा, मग चिमट्यात धरून ज्योतीत न्यायची. डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो आणि मागे पांढरी भुकटी उरते. या उजेडापायीच हा धातू प्रथम बाजारात आला.

१८०८ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्हीनं विजेच्या साहाय्यानं मॅग्नेशियम वेगळं केलं, पण हाती धरता येईल असा धातू मिळायला आणखी दोन दशकं लागली. १८५२ मध्ये रॉबर्ट बुन्सेननं वितळलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमधून वीज सोडून तो मिळवायची रीत बसवली. १८६०च्या दशकात एडवर्ड सोनस्टॅटच्या पद्धतीनं मँचेस्टर परिसरात त्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. तार आणि फीत विकली जाऊ लागली ती छायाचित्रकारांसाठी. चार्ल्स पियाझी स्मिथ यानं १८६५ मध्ये इजिप्तच्या महापिरॅमिडच्या आतले फोटो काढले ते मॅग्नेशियमच्याच उजेडात.

अशा तारेला १८७८ मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड ह्यूज नावाच्या डॉक्टरनं वेगळंच काम दिलं. त्यानं तीन रुग्णांच्या रक्तवाहिन्या मॅग्नेशियमच्या तारेनं बांधून रक्तस्राव थांबवला. त्यातली एक मनगटाकडे जाणारी रोहिणी होती. तार शरीरात हळूहळू नाहीशी होते आणि तिला किती दिवस लागतील ते तिच्या जाडीवर अवलंबून असतं, हे ह्यूजनं नोंदवून ठेवलं. मला ही नोंद फार मोलाची वाटते. धातूचा आकार ठरवला की त्याचं आयुष्य ठरतं, हे या शाखेचं पहिलं सूत्र त्यात आहे. आजही विरघळणारा थर किती जाड असावा याचा हिशोब आम्ही तिथूनच सुरू करतो.

ग्राझमधला शल्यविशारद

कल्पनेला शिस्त लावली ती एर्विन पायर यानं. १८७१ मध्ये इन्सब्रुकला जन्मलेला हा शल्यविशारद १९००च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात काम करत होता. कापलेल्या रक्तवाहिनीची दोन टोकं जोडणं तेव्हा जवळजवळ अशक्य मानलं जाई. पायरनं मॅग्नेशियमची छोटी नळी केली. वाहिनीचं एक टोक नळीतून ओवायचं, बाहेर उलटवून नळीवर बांधायचं आणि त्यावर दुसरं टोक चढवायचं. वाहिनी जुळेपर्यंत नळी आधार देईल आणि पुढे विरून जाईल, अशी ही योजना. यकृतासारख्या ठिसूळ अवयवात टाका ओढला की मांस फाटतं, म्हणून टाक्याच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेशियमच्या पातळ चकत्या ठेवायची युक्तीही त्यानं केली. शरीरातलं पाणी, क्षार, प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड या साऱ्यांमुळे धातू झिजतो, हा त्याचा अंदाज आजच्या समजुतीच्या बराच जवळ जाणारा आहे.

त्याच सुमारास ब्रेस्लाऊमध्ये व्हिक्टर क्लुम्स्की प्राण्यांच्या सांध्यांवर प्रयोग करत होता. आखडून एक होऊ पाहणाऱ्या हाडांच्या टोकांमध्ये तो मॅग्नेशियमचे पातळ पत्रे घालायचा, जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांची. पत्रा असेपर्यंत हाडं एकमेकांना चिकटत नाहीत, आणि पत्रा गेला की सांधा मोकळा. वैद्यकातल्या मॅग्नेशियमच्या थरांचा पूर्वज शोधायचा तर मी क्लुम्स्कीच्या या पत्र्यांकडे जाईन.

पायरची नळी मात्र मागे पडली. १९०२ मध्ये फ्रान्सच्या आलेक्सी कारेलनं सुई-दोऱ्यानं रक्तवाहिनी शिवायची पद्धत दाखवली. तिच्यात नळीची गरजच नव्हती. कारेलला १९१२चं नोबेल मिळालं आणि रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामातून मॅग्नेशियम हळूहळू बाहेर गेलं.

आठ दिवसांची पट्टी

हाडाच्या बाबतीत पहिला मोठा प्रयोग बेल्जियममधल्या अँटवर्पला झाला. आल्बँ लाम्बोट हा हाडांच्या शस्त्रक्रियेतला पायाभूत माणूस. हातात इतकी कारागिरी, की तो स्वतः व्हायोलिनं बनवत असे. १९०६-०७च्या सुमारास त्यानं एका सतरा वर्षांच्या रुग्णाच्या मोडलेल्या पायावर शुद्ध मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि ती पोलादी स्क्रूंनी आवळली. दुसऱ्याच दिवशी पाय सुजला, कातडीखाली वायूचे फुगे जमले, वेदना सुरू झाल्या. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि जे उरलं ते काढावं लागलं.

इथं काय घडलं ते समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढची सगळी कहाणी याच रसायनाभोवती फिरते. मॅग्नेशियम पाण्याशी संयोग पावतं, तेव्हा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो. एक ग्रॅम धातू विरला की सुमारे एक लिटर हायड्रोजन निघतो. पट्टी दहा ग्रॅमची धरली, तर आठवड्याभरात कातडीखाली दहा लिटर वायू. शरीर तो शोषून घेतं खरं, पण इतक्या वेगानं घेऊ शकत नाही. आणि हा वेग वाढवला होता पोलादी स्क्रूंनी. मॅग्नेशियमचा विद्युत विभव उणे २.३७ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४. दोन्ही एकमेकांना टेकून खारट पाण्यात ठेवले की त्यांचा विद्युतघट बनतो आणि मॅग्नेशियम झपाट्यानं झिजतं. शरीरातला द्रव खारटच असतो.

लाम्बोटनं हे ओळखलं आणि कल्पना सोडली नाही, याचा मला मनापासून आदर वाटतो. पुढे त्याचा साहाय्यक जाँ व्हर्ब्रुग यानं १९३०च्या दशकात ॲल्युमिनियम आणि मँगनीज मिसळलेलं मॅग्नेशियम वापरून लहान मुलांच्या कोपरालगतच्या मोडलेल्या हाडांवर काम केलं. मुलांचं हाड लवकर जुळतं, म्हणून धातू थोडा लवकर विरला तरी चालतं. १९३८ मध्ये अमेरिकेत अर्ल मॅकब्राइडनं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्या, स्क्रू आणि पट्टे हाडांवर बसवले. लोखंडाचा स्पर्श टाळा, हे तोवर सर्वांना कळलं होतं. १९४८ मध्ये सोव्हिएत संघातल्या ट्रॉइट्स्की आणि त्सिट्रिन यांनी मॅग्नेशियम-कॅडमियम मिश्रधातूच्या ३४ रुग्णांचा अहवाल दिला. हाडं न जुळलेले हे रुग्ण होते. त्यांपैकी २५ जणांत उपचार यशस्वी झाला. जमलेला हायड्रोजन सुईनं काढून घेता येत असे. कॅडमियम विषारी आहे हे आज आपण जाणतो आणि ते शरीरात घालण्याचा विचारही करणार नाही, पण झिजेचा वेग मिश्रधातूनं आवरता येतो हे त्यांच्या कामातून पुन्हा दिसलं.

रक्तवाहिन्या बांधायच्या तारेचं मात्र जमेना. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या सीलिगनं मॅग्नेशियमची तार बारकाईनं तपासली. तार पुरेशी वळत नाही, तिचं ताणबल अपुरं आहे, असा त्याचा निष्कर्ष. तोवर चर्चा फक्त गंजण्याची होती. धातूचं बळ आणि त्याची वळण्याची क्षमता यांवर घाव बसला तो इथे.

पोलाद जिंकलं, त्याची किंमत

दुसऱ्या महायुद्धापर्यंत स्टेनलेस स्टील आणि कोबाल्टचे मिश्रधातू शस्त्रक्रियेत पक्के रुजले. न गंजणारा, न मोडणारा, स्वस्त धातू हाती असताना विरणाऱ्या धातूच्या मागे कोण लागणार? पुढे टायटॅनियम आलं. मॅग्नेशियमचे हाडांवरचे प्रयोग जवळजवळ थांबले.

या धातूंनी असंख्य माणसांना पुन्हा चालतं केलं, हे मी कधीच विसरत नाही. पण त्यांची एक किंमत आहे. हाडाचा लवचीकता गुणांक साधारण १० ते २५ गिगापास्कल. टायटॅनियमच्या मिश्रधातूंचा ११०च्या आसपास, पोलादाचा २००. पट्टी हाडापेक्षा इतकी ताठ असली की भार तीच पेलते आणि हाडाला काम उरत नाही. ज्या हाडावर भार पडत नाही ते विरळ होत जातं, हे युलियस वोल्फनं १८९२ मध्येच मांडलं होतं. मॅग्नेशियमचा गुणांक ४५च्या आसपास, म्हणजे रूढ धातूंत हाडाच्या सगळ्यात जवळचा. घनताही दर घनसेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, पोलादाच्या पावपटीहून कमी.

माझ्या धाकट्या भावाच्या हातातली पट्टी वर्षभरानं काढली. "तरुण आहे, ठेवायला नको," असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा सुट्टी. काढलेली पट्टी त्यांनी गॉझमध्ये गुंडाळून दिली. पुढे मी ती प्रात्यक्षिकाच्या वर्गात नेत असे. स्क्रूच्या भोकांच्या कडेला घासल्याच्या बारीक खुणा होत्या, भिंगाखाली स्पष्ट दिसायच्या. वर्गात नेहमी कुणी ना कुणी सांगायचं, आजीच्या मांडीत सळई आहे, काकांच्या पायात रॉड आहे, काढायला पुन्हा पैसे जमवायचे आहेत. आपल्याकडच्या घराघरांतली ही गोष्ट आहे. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च, बुडालेली मजुरी आणि वाढलेला धोका हे सारं रुग्णाच्या पदरात पडतं.

धातुशाळेत दरम्यान काय झालं

शस्त्रक्रियेनं पाठ फिरवली, त्या काळात मॅग्नेशियमवर काम थांबलं नव्हतं. विमानांना हलका धातू हवा होता. अमेरिकेतल्या डाऊ कंपनीच्या हॅनावाल्ट, नेल्सन आणि पेलुबे यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं की मॅग्नेशियमचं वेगानं गंजणं मुख्यतः त्यातल्या अशुद्धींमुळे आहे. लोखंड दशलक्ष भागांत सुमारे १७० भागांच्या वर गेलं, निकेल अवघ्या ५ भागांच्या वर गेलं, की झीज एकदम भडकते. लाम्बोटला मिळालेला धातू या कसोटीला किती उतरला असता, याचा विचार मनात येतोच.

मग बळाचा प्रश्न सुटू लागला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ई. ओ. हॉल आणि एन. जे. पेच यांनी पोलादावर काम करताना सिद्ध केलं की धातूतले स्फटिककण जितके बारीक, तितका तो मजबूत. मॅग्नेशियमला हा नियम विशेष जोरानं लागू पडतो. त्याच्या षट्‌कोनी स्फटिकात साध्या तापमानाला अणूंचे थर सहज सरकतात ते जवळजवळ एकाच पातळीत. कोणत्याही दिशेनं वाकण्यासाठी सरकण्याचे पाच स्वतंत्र मार्ग लागतात, ती पातळी दोनच देते. म्हणून ओतीव शुद्ध मॅग्नेशियम सुमारे २० मेगापास्कलला कायमचं वाकू लागतं आणि फारसं न ताणता तुटतं. सीलिगच्या तारेचं दुखणं हेच. कण बारीक केले आणि योग्य मूलद्रव्यं मिसळली की चित्र बदलतं. मँचेस्टरजवळच्या मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन कंपनीनं विमानं आणि हेलिकॉप्टरांसाठी डब्ल्यूई-४३ हा मिश्रधातू काढला : सुमारे चार टक्के इट्रियम आणि तीन टक्के इतर दुर्मीळ मृदा धातू. उष्णसंस्कारानंतर ओतीव डब्ल्यूई-४३ची उत्पन्न-सीमा, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण, १६० ते १८० मेगापास्कलच्या घरात जाते. ज्या परिसरातून मॅग्नेशियमची तार प्रथम बाजारात आली, तिथूनच शस्त्रक्रियेला लायक असा मॅग्नेशियमचा मिश्रधातू आला, याचं मला अप्रूप वाटतं.

पुन्हा शरीरात

२००३ मध्ये जर्मनीतल्या बेर्न्ड हॉयब्लाइन आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या हृदयाच्या रोहिण्यांत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे स्टेंट, म्हणजे रोहिणी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या, बसवल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पायरनं सुरू केलेलं रक्तवाहिनीतलं काम शंभर वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. २००५ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या, अवघ्या १.७ किलो वजनाच्या एका बाळाच्या डाव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या बंद पडलेल्या रोहिणीत असा स्टेंट बसवल्याचं जर्मनीतून प्रसिद्ध झालं. बाळ वाढत असतं, त्याची रोहिणी वाढत असते, आणि पोलादी स्टेंट वाढत नाही. विरणाऱ्या धातूची गरज याहून स्पष्ट कुठे दिसणार! रक्तप्रवाह सुरू झाला आणि धातूचं विरणं बाळाला सोसलं.

२००७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रौढ रुग्णांच्या हृदयाच्या रोहिण्यांवरचा पहिला व्यवस्थित अभ्यास आला. ६३ रुग्ण, ७१ स्टेंट. ना मृत्यू, ना स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी. पण चार महिन्यांत २३.८ टक्के रुग्णांच्या त्याच जागेवर पुन्हा उपचार करावे लागले. स्टेंट सुरक्षित होता, तरी त्याचा आधार फार लवकर गेला आणि रोहिणी पुन्हा आकसली. म्हणजे धातू किती दिवसांत पूर्ण विरतो, हा प्रश्न अपुरा ठरला. विरता विरता त्याचं बळ किती दिवस टिकतं, हे मोजणं भाग पडलं. सुधारलेला मिश्रधातू, वर औषधाचा लेप, असं करत २०१६ मध्ये मॅग्मारिस हा स्टेंट युरोपात वापरायला परवानगी मिळाली. त्याआधी २०१३ मध्ये हानोव्हरच्या सिन्टेलिक्स कंपनीच्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला अशी परवानगी मिळाली होती. लाम्बोटच्या प्रयोगानंतर शंभराहून अधिक वर्षं गेली होती.

थर बनवण्याची कला

आता माझ्या आवडीचा भाग. धातू वितळवून, ओतून, ताणून तार काढायची आणि ती कापायची, याऐवजी अणू अणू रचूनच थर उभा केला तर? निर्वात कक्षात थोडा आर्गॉन सोडायचा, विजेनं त्याचा प्लाझ्मा करायचा. आर्गॉनचे आयन धातूच्या चकतीवर, म्हणजे टार्गेटवर, आदळतात आणि तिचे अणू उडवतात. ते समोरच्या काचेवर किंवा सिलिकॉनवर बसत जातात. याला स्पटरिंग म्हणतात. विल्यम ग्रोव्हनं १८५२ मध्ये हा प्रकार नोंदवला, आणि १९७०च्या दशकात चुंबकाच्या साहाय्यानं प्लाझ्मा टार्गेटजवळ धरून ठेवायची सोय झाल्यावर तो कारखान्यांत पोचला. टार्गेट मॅग्नेशियमचं असलं की प्लाझ्मा हिरवट दिसतो. कक्षाच्या खिडकीतून तो हिरवा उजेड बघताना मला कधी कंटाळा आला नाही.

उत्तर जर्मनीतल्या कील विद्यापीठात एकहार्ट क्वांट यांच्या गटानं आधी निकेल-टायटॅनियमच्या थरांवर हात बसवला होता. २०१० नंतरच्या दशकात त्यांनी मॅग्नेशियम-इट्रियम, मॅग्नेशियम-गॅडोलिनियम, डब्ल्यूई-४३ आणि पुढे मॅग्नेशियम-चांदी यांचे सुटे थर करून त्यांचं बळ आणि झीज तपासली. चांदीची निवड तिच्या जंतुनाशक गुणामुळे. सुटा थर मिळवायला खाली एक बळीचा थर घालतात आणि नंतर तो रसायनानं विरघळवून वरचा थर मोकळा करतात. प्रकाशाच्या साहाय्यानं नक्षी उमटवून जाळी, पट्टी, पडदा असा हवा तो आकार थेट मिळतो. लेसरनं कापताना कडेला लागणारी आच इथं नाही.

थराचे यांत्रिक गुण ओतीव धातूपेक्षा वेगळे असतात आणि ते गृहीत धरता येत नाहीत. स्पटरिंगमध्ये अणू इतक्या झटकन स्थिरावतात की मिसळलेलं मूलद्रव्य वेगळं होऊन गाठी धरत नाही, सगळीकडे सारखं पसरतं. त्यामुळे झीजही एकसारखी होते. कण सूक्ष्म, म्हणून बळ वाढतं. पण हे कण खालून वर उभ्या खांबांसारखे वाढतात. कक्षात आर्गॉनचा दाब जास्त असला की खांबांमध्ये पोकळ्या राहतात आणि थर त्याच फटींतून तडकतो. दाब कमी ठेवला तर थर घट्ट बनतो, पण त्यात अंतर्गत ताण भरतो आणि मोकळा करताच तो वळतो. गरम करून ताण घालवावा, तर कण वाढतात आणि बळ उतरतं. स्टेंट फुग्यावर फुलवायचा तर १५ टक्क्यांहून अधिक ताण सोसावा, आणि बळही २०० मेगापास्कलच्या वर हवं, अशी अभ्यासकांची ढोबळ अपेक्षा असते. दोन्ही एकदम मिळवण्यातच सगळं कौशल्य आहे.

मोजणीही सोपी नाही. काचेला चिकटलेला थर टोचून मोजला तर काचेचा ताठपणा त्यात मिसळतो, म्हणून सुटी पट्टीच ताणावी लागते. आम्ही पट्टी कागदाच्या चौकटीवर चिकटवायचो, चौकट यंत्राच्या जबड्यात सरळ रेषेत धरायचो, मग कागदाच्या दोन्ही बाजू कात्रीनं कापायचो, की सारा भार पट्टीवर. किंचित तिरकी बसली तर ती कडेपासून फाटते आणि आलेला आकडा धातूचा राहत नाही. पावसाळ्यात तर पुण्याच्या दमट हवेतच थर काळवंडायला लागायचे. सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमधून काढला की तासाभरात ताणून मोकळं व्हायचं, अशी आमची शिस्त होती. वीस सहस्रांश मिलिमीटरच्या पट्टीत पृष्ठभागावरची थोडी झीजही जाडीचा मोठा वाटा घेऊन जाते.

याचा हिशोब कुणालाही करता येईल. धातू वर्षाला ०.३ मिलिमीटर झिजत असेल, तर दोन्ही बाजूंनी झिजणारा वीस सहस्रांश मिलिमीटरचा थर बारा दिवसांत संपतो. हाडाला, रोहिणीला निदान बारा आठवडे आधार हवा. तेवढे दिवस थर नुसता शिल्लक राहायलासुद्धा झीज वर्षाला ०.०४ मिलिमीटरच्या आसपास आणावी लागेल, आणि बळ शाबूत राहायचं तर त्याहून बरीच कमी. म्हणून पातळ थरांत शुद्धता, कणांची रचना आणि बळ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात.

थरांचा दुसरा रस्ता विजेकडे जातो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी रेशमाच्या पडद्यावर मॅग्नेशियमच्या तारांची, पाण्यात विरून जाणारी इलेक्ट्रॉनिक रचना करून दाखवली. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हृदयाचा ठोका सांभाळून नाहीसा होणारा पेसमेकर आज प्राण्यांवरच्या प्रयोगांपर्यंत पोचला आहे.

या सगळ्या प्रवासातून मला दिसतं ते असं. ह्यूज, पायर, क्लुम्स्की, लाम्बोट यांनी मागितलं ते धातुशास्त्राला त्या वेळी देता आलं नाही. पुढे जे मिळालं ते विमानांसाठी, मोटारींसाठी, पोलादाच्या चौकशीतून मिळालं आणि पन्नास वर्षं दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलं नाही, कारण दोन्हीकडची माणसं एकमेकांना भेटत नव्हती. आपल्या महाराष्ट्रात धातुशास्त्राची जुनी महाविद्यालयं आहेत, मोठी सार्वजनिक रुग्णालयं आहेत, आणि सळई काढायला पैसे नसलेली असंख्य माणसं आहेत. धातुशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं शिक्षण संपवण्याआधी एकदा तरी ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून काढलेली पट्टी हातात घ्यावी, आणि अस्थिरोगाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा ताणयंत्रावर धातू तुटताना पाहावा. दोन्ही विभागप्रमुखांनी मनावर घेतलं, तर हे येत्या सत्रापासून सुरू करता येईल.